निशाणी आणि मत

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आम्ही काहीतरी बोलावे, असा विहार समितीचा आग्रह झाला. आम्ही म्हणजे विहारातच दर रविवारी बसून चार पुस्तके वाचणारे काही जण. विद्वत्तेचा आव आम्हाला आणता येणार नाही. गेल्या थंडीत आपल्या विहाराची सहल जुन्नरच्या लेण्यांना गेली होती. लेणी पाहून आम्ही पुढे नाणेघाटापर्यंत, म्हणजे घाटघरपर्यंत जाऊन आलो. त्या वाटेवर एका गावात एक भिंत दिसली. ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली होती, पण भिंतीवरची छत्री, कपबशी आणि शिट्टी अजून पुसली गेली नव्हती. गाडीतल्या एका पोराने विचारले, "आपली निशाणी कोणती होती?" सगळे हसले. पण तो प्रश्न आमच्या डोक्यात बसला. आज त्याच प्रश्नावर बोलायचे आहे.

दोनशे वर्षांपूर्वी, या गावांना मतदान म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, तेव्हा गावचा कारभार कोण ठरवीत होते? आणि त्यात आपल्या वाडवडिलांची निशाणी कुठे होती?

प्रथम घाटघर कुठे ते सांगतो. अकोल्याकडे धरणाचे घाटघर आहे, ते वेगळे. आपण बोलतो आहोत ते जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, नाणेघाटाच्या माथ्यावरचे. एका बाजूला जीवधन किल्ला, दुसरीकडे खाली कोकण. सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांची बैले याच घाटाने चढत. घाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा मोठा शिलालेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात पडत असे, असे लोक सांगतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी बांधवांची. पाऊस धो-धो, शेती भात-नाचणी-वरईची.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, मेच्या पहिल्या आठवड्यात, मेजर एल्ड्रिजच्या फौजेने चावंड आणि जीवधन हे किल्ले घेतले. पेशवाई गेली, कंपनी सरकार आले. नव्या सरकारला पहिला प्रश्न पडला तो हा, की या मुलखात गावे चालतात तरी कशी? सरकार बदलले तरी गाव चालूच होते. मग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या साहेबाने १८१९ साली मोठा अहवाल लिहिला. पुण्याच्या रेसिडेन्सीचे डॉक्टर थॉमस कोट्स यांनी त्याच सुमारास एका गावाची घरोघर माहिती गोळा केली. ते गाव लोणीकंद, आपल्या कोरेगाव-पेरण्याच्या शेजारचे. पुढे १९६० साली डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावावर पुन्हा पुस्तक लिहिले. त्यामुळे त्या काळचे गाव आपल्याला बरेचसे डोळ्यांपुढे आणता येते.

काय दिसते? गावचा मुख्य पाटील. हाताखाली चौगुला. हिशेब आणि दप्तर कुलकर्ण्याकडे. मग बारा बलुते : सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग वगैरे. या सगळ्या वस्तीला मिळून पांढरी म्हणत आणि शेतीला काळी. पाटील निवडून येत नसे. पाटीलकी हे वतन, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी मालमत्ता. जमिनीसारखे तिचे वाटे पडत, अडचणीत सापडलेला पाटील तिचा हिस्सा विकतही असे. मग चुरस नव्हती असे समजू नका. चुरस होती, ती मानपानाची. पोळ्याला कोणाचे बैल आधी निघायचे, होळीची पोळी पहिली कोणाची, विडा आधी कोणाच्या हातात द्यायचा, यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत. त्यांची भांडणे थेट पुण्याच्या दरबारापर्यंत जात. आज आपण ज्याला निवडणुकीचा गट म्हणतो, तो त्या काळी पोळ्याच्या दिवशी वेशीत दिसायचा.

भांडण मिटवायला गोतसभा बसे. वतनदार, जाणती माणसे, शेजारच्या गावांचे पाटील, बलुतेदार एकत्र जमायचे. साक्षी व्हायच्या. निवाड्याचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणत. आता नीट ऐका. त्या कागदावर हजर असलेल्यांची नावे लिहीत. पाटलापासून महारापर्यंत. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे त्याच्या धंद्याची खूण काढीत. पाटलाच्या नावापुढे "निशाणी नांगर" असे आजही जुन्या कागदांत वाचायला मिळते. म्हणजे निशाणी हा शब्द निवडणूक आयोगाने शोधून काढलेला नाही. तो आपल्या गावांत आधीपासून आहे.

आणि त्या यादीत आपले वाडवडील होते. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. आपण फक्त झाडू-मडक्याची कथा ऐकून मोठे झालो. गावकुसाबाहेरचे जिणे होतेच, ते कोणी नाकारू नये. पण त्याच महाराला शिवेच्या भांडणात सगळे गाव बोलवायचे. दोन गावांची हद्द कुठली, हे महार सांगेल ते प्रमाण. शपथ वाहून शीव चालून दाखवायची ती त्याने. गावचा सारा कसब्याच्या ठाण्यात पोचवायचा तो त्याने. परका माणूस गावात आला, कोणाचे पीक किती आले, कोणत्या शेताचा बांध कुठे सरकला, हे सगळे त्याच्या ध्यानात. सरकारी माणूस आला की पहिली हाक महाराला.

मग आम्ही वाचता वाचता एकमेकांना विचारले : ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याच्या शब्दावर गावाचा कारभार का ठरत नव्हता?

उत्तर सोपे आहे आणि कडूही आहे. चावडीचे बोलावणे करायचे महाराने, बोलायचे पाटलाने, लिहायचे कुलकर्ण्याने. महार बोलवायला जायचा आणि परत येऊन चावडीच्या खाली उभा राहायचा. त्याची निशाणी कागदावर यायची ती साक्षीदार म्हणून. "हा हजर होता" एवढेच ती सांगायची. "याला काय वाटते" हे कोणी विचारीत नसे. खूण होती, मत नव्हते. बायांची तर खूणसुद्धा क्वचितच.

हे फक्त देशावरच्या गावांत होते असे नाही. घाटघरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळ्यांची स्वतःची सभा होती. तिला गोतर्णी म्हणत. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने १८३०च्या दशकात कोळ्यांविषयी जे लिहून ठेवले त्यात तिचे वर्णन आहे. सहा मानकरी असत. रगतवान हा प्रमुख, मेटाळ त्याचा मदतनीस, साबळा हा माणसाला धरून आणणारा. ढाल्या गुन्हेगाराच्या दारावर उंबराची किंवा जांभळीची फांदी लावी. हाडक्या मेलेल्या गाईचे हाड दाराला बांधी. आणि शुद्धी झाली की मडक्या घरातली मातीची मडकी घेऊन जाई. फांदी लागली, हाड बांधले की त्या घराशी पाणी बंद, बोलणे बंद. ही पदेही वंशपरंपरेने चालत.

आम्ही हे कोळी बांधवांना नावे ठेवायला सांगत नाही. तेही डोंगरात ढकललेले कष्टकरी लोक, आपलेच शेजारी. सांगायचे ते एवढे, की त्या काळात गावाच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार कोणते होते, तर बहिष्कार. ते हत्यार पुढे आपल्यावर किती वेळा चालले, हे महाडपासून आपल्या आजोबांच्या तोंडून आपण ऐकले आहे. दारावरचे हाड निघून जायला फार वर्षे लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ साली, आणि २०१७ मध्ये तो लागू झाला.

मग सामान्य माणसाच्या हातात काहीच नव्हते का? होते. मत नव्हते, पण पाय होते. जुलूम असह्य झाला की कुणबी रात्रीतून बैल हाकून परागंदा व्हायचे. कधी सगळे गावच उठून शेजारच्या मुलखात जायचे. काळी पडीक पडली की सरकारचा वसूल बुडाला. मग सरकार घाबरून कौल पाठवायचे, की परत या, सारा कमी करू, मागची बाकी मागणार नाही. त्या काळातले हे सर्वांत मोठे मतदान म्हणा हवे तर. फक्त त्यासाठी घरदार सोडावे लागायचे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही पाळी वारंवार आली. कारण त्याने मामलती लिलावात काढल्या. जो जास्त बोली लावील त्याला मामलत. मग तो बोलीचे पैसे रयतेकडून वसूल करणार. हा लिलाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा त्यावर यायचे आहे.

कंपनी सरकार आले तरी रयतेची सुटका झाली नाही. १८२० नंतरच्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली, सारा इतका चढा बसला की लोकांनी पुन्हा जमिनी टाकल्या. १८३५ च्या पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरापासून नव्याने सुरुवात करावी लागली. डोंगरात किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या, नाईकांची जुनी नेमणूक बंद झाली. १८२८ साली रामजी भांगरे यांच्या पुढारीपणाखाली कोळी उठले. तो उठाव मोडायला याच मॅकिन्टॉशला पाठवले होते. पुढे राघोजी भांगरे उठले, त्यांचा रोख सावकारांवर होता. २ मे १८४८ रोजी ठाण्याला त्यांना फाशी झाली. ज्यांना कागदावर "नाही" लिहिता येत नव्हते, त्यांनी ते असे लिहिले. पण प्रत्येक वेळी किंमत जिवाची होती.

आता गंमत पाहा. इकडे हे चालले असताना, १८३० साली चार्ल्स मेटकाफ या साहेबाने खेड्यांचे मोठे कौतुक केले. त्याचे म्हणणे असे, की हिंदुस्थानातली खेडी ही जणू छोटी-छोटी प्रजासत्ताके आहेत, राज्ये बुडाली तरी ती टिकतात. हे वाक्य पुढे आपल्याकडच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांना फार आवडले. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच मेटकाफचा उल्लेख करून विचारले, की टिकली हे खरे, पण कोणत्या पातळीवर टिकली? खेड्यातल्या कोत्या वृत्तीवर आणि अज्ञानावर त्यांनी कडक शब्दांत बोट ठेवले. म्हणूनच त्यांनी संविधानाचा घटक खेडे न धरता व्यक्ती धरली. त्याआधी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचे बिल आले, तेव्हाही ते विरोधात उभे राहिले होते. खेड्यात बहुसंख्य सवर्ण, पंच तेच, मग दलिताला न्याय कसा मिळणार, हा त्यांचा सवाल होता. काहींना तेव्हा वाटले, बाबासाहेब गावाच्या विरुद्ध आहेत. तसे नव्हते. ज्या चावडीखाली त्यांचे पूर्वज उभे राहिले होते, ती चावडी त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होती.

इथे एक शंका कोणीतरी विचारील. मग मत मोजणे ही इंग्रजांचीच देणगी काय? नाही. आम्ही जुन्नरच्या लेण्यांत फिरत होतो तेव्हा हेच बोलत होतो. तिथल्या शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. राजे-महाराजे बाजूला, कामकरी लोक मिळून पैसा सांभाळत होते. आणि त्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंचा जो विनय, त्यात ठराव कसा मांडायचा, गणसंख्या किती हवी, मतभेद झाला तर शलाका वाटून बहुमत कसे घ्यायचे, हे सगळे सांगितलेले आहे. शलाका म्हणजे लाकडाची कांडी. ती उघड घ्यायची, गुप्त घ्यायची की कानात सांगून घ्यायची, याचेही प्रकार आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाची ही आठवण संविधान सभेला करून दिली होती. म्हणजे ज्या डोंगरात पुढे पंचाची गादी वारसाने चालली, त्याच डोंगराने त्याआधी शलाका मोजणारा संघ पाहिला होता. ही रीत आपल्या मातीतलीच. ती मोडली गेली आणि बाबासाहेबांनी ती परत आणली.

ती परत यायला किती हात लागले! १९१० साली जेजुरीला शिवराम जानबा कांबळे यांनी परिषद भरवून सरकारकडे अर्ज धाडला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण बाबासाहेबांनी साक्ष दिली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्याच साली महार वतनाच्या गुलामीवर घाव घालण्यासाठी त्यांनी विधिमंडळात बिल आणले. ते वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. त्याच १९५८ साली मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला. एका वर्षी जुना जू निघाला आणि नवी खुर्ची आली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आज्या-पणज्यांनी हत्तीच्या पेटीत मत टाकण्यासाठी मैल-मैल पायपीट केली, ती याच हक्कासाठी. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना व बायांना राखीव जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांच्या. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. रगतवान-मेटाळाच्या डोंगरात आज ग्रामसभा भरते आणि तिच्यात प्रत्येक प्रौढ माणूस सभासद असतो. हा फरक लहान नाही.

आता आमचे खरे दुखणे सांगतो, आणि ते आपल्या घरातले आहे.

२०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. कारण काय, तर सरपंचपदाचा लिलाव झाला होता. बाजीरावाची मामलत आठवली की नाही? दोनशे वर्षे झाली, पण बोली लावणारा अजून गावात आहे. आणि बोलीचे पैसे शेवटी कोणाकडून वसूल होतात, हे रयतेला तेव्हाही कळत होते.

दुसरी गोष्ट आमच्या ओळखीतली. गावाचे नाव सांगत नाही. तिथे आपल्या समाजातल्या एका बाईंची राखीव जागेवर बिनविरोध निवड झाली. गावात फटाके वाजले, हार घातले. आम्ही भेटायला गेलो तर बाई चुलीपाशी. म्हणाल्या, "दादा, मला कशाला विचारता? वही घरी येते, मी सही करते. काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक." त्यांना बैठकीला बोलावणे जातच नव्हते. त्या माउलीचा दोष नाही. पण आम्ही परतताना गप्प होतो. सदस्य त्या, सही त्यांची, आणि ठराव दुसऱ्याचा. महजरावर आपल्या खापरपणजोबांची खूण होती, अगदी तशीच. फरक एवढाच, की त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

बिनविरोध हा शब्द ऐकायला गोड आहे. गावात तंटा नको, पैसा वाया नको, हे बरोबरच. पण ते ठरवायला कोण बसले होते, हे आपण विचारले पाहिजे. सगळे बसून एकमत झाले तर आनंद आहे. चौघांनी ठरवून बाकीच्यांनी मान डोलावली, तर ती चावडी झाली, ग्रामसभा नव्हे.

आपण शहरातली माणसे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची नावे अजून गावाच्या यादीत आहेत. निवडणूक आली की उमेदवाराची जीप दाराशी येते, रात्री जेवण, सकाळी मतदान, संध्याकाळी परत. "कोणाला दिलं?" "ज्याने गाडी पाठवली त्याला." बंधूंनो, आपले वाडवडील जुलुमाला नकार देण्यासाठी घरदार सोडून चालत गेले. आपण होकार द्यायला दुसऱ्याच्या गाडीत बसून जातो. जिथे राहता तिथे नाव नोंदवा. गावात राहत असाल तर गावात द्या, पण स्वतःच्या भाड्याने जा.

आम्ही तीनच गोष्टी मागतो. एक, ज्या घरातली बाई किंवा माणूस पंचायतीवर आहे, त्या घरच्या शिकलेल्या पोरांनी ठरावाची वही मोठ्याने वाचून दाखवावी. वाचल्याशिवाय सही नाही. दोन, गावी असाल त्या वेळी ग्रामसभा असेल तर मागे उभे राहू नका, पुढे बसा आणि निदान एक प्रश्न विचारा. पाण्याचा विचारा, रस्त्याचा विचारा, मागासवर्गीयांसाठी राखलेला निधी कुठे खर्च झाला ते विचारा. तीन, शेजारच्या समाजाशी बोला. कोळी असोत, कुणबी असोत, मराठा असोत, पांढरी सगळ्यांची होती असे म्हणतात ना, मग आता ती खरोखर सगळ्यांची करू या.

घाटघरहून परतताना अंधार पडला होता. जीवधनचा कडा काळा दिसत होता. ज्या पोराने निशाणीचा प्रश्न विचारला होता, तो झोपेतून उठला आणि म्हणाला, "सांगितलं नाहीत तुम्ही." तेव्हा आम्हाला नीट सांगता आले नाही. आज सांगतो. बाळ, निशाणी छत्री असो, कपबशी असो की शिट्टी. ती उमेदवाराची असते. आपली असते ती बोटावरची शाई. ती लावून घेण्याआधी आपण स्वतः काय ठरवले, तेवढेच आपले मत.

जयभीम! नमो बुद्धाय!